अर्थिंगचा धडा

अर्थिंगचा धडा शेवटी घ्यायचा, असं नलिनीनंच ठरवलं होतं.

पौडला पंचायत समितीच्या मागच्या खोलीत बैठक होती. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपलेली. मुळशी तालुक्यातल्या ज्या शाळांत नववी-दहावीला व्यवसाय शिक्षण हा विषय होता, त्या सगळ्यांचं काम नलिनीकडे होतं. प्रशिक्षक आले का, साहित्य पोचलं का, अभ्यासक्रम कुठवर आला, प्रात्यक्षिक परीक्षा कधी, हे सगळं तीच बघायची. शिकवणारे प्रशिक्षक शाळांचे नव्हते. एक कंपनी त्यांना कंत्राटावर पुरवायची, आणि त्या वर्षी ते कंत्राटच जूनपासून अडकून पडलं होतं. पोरं अर्धं वर्ष त्या तासाला नुसती बसून होती. आणि फेब्रुवारीत बाहेरून परीक्षक येणार होते.

"मॅडम, पुस्तकात पहिलाच धडा सुरक्षेचा आणि अर्थिंगचा आहे," इलेक्ट्रिकचा प्रशिक्षक शेखर म्हणाला. नेऱ्याच्या बाजूच्या एका शाळेवर त्याची नेमणूक झाली होती. "तो नीट घ्यायचा तर बरेच तास जातात. खड्डा खणायचा, पाइप पुरायचा, मीठ-कोळसा भरायचा, मग मोजून बघायचं. शाळेत त्यातलं काहीच नाही."

"परीक्षक काय विचारतात?"

"बोर्ड जोडायला लावतात. बल्ब, पंखा, सॉकेट. फार तर बेल."

"मग आधी ते घ्या. अर्थिंग शेवटी घेऊ. प्रात्यक्षिक झाल्यावर वेळ मिळतोच."

शेखर जरा थांबला. "तसं नसतं करायचं मॅडम."

"शेखर, पोरं नापास झाली तर पुढच्या वर्षी विषयच राहणार नाही. मग काय शिकवाल?"

त्यानं मान डोलावली. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. नलिनी आधी एका ज्युनिअर कॉलेजात अकाउंट्स शिकवायची. बटण दाबलं की दिवा लागतो, यापलीकडं तिला विजेतलं काही कळत नव्हतं. तिला दिसत होती ती फक्त तारीख, आणि तारखेच्या अलीकडे मावेल एवढं शिकवणं तिला भाग होतं. त्या दिवशी दुसऱ्या कुणीही तेच ठरवलं असतं.

प्रात्यक्षिक झाल्यावर वेळ मात्र मिळाला नाही. दहावीची बोर्डाची परीक्षा तोंडावर आली, शाळेनं तो तास गणिताला दिला, आणि एप्रिलमध्ये शेखरचं कंत्राट संपलं.

पल्लवी त्याच शाळेत दहावीला होती. तिचं घर कासारसाईच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, माळाच्या कडेला. बाप जोतिबा मेंढरं राखायचा. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचा आणि पावसाआधी वर यायचा. आई कोंडाबाई लोकांच्या रानात खुरपायला जायची. घरात वीज येऊन थोडीच वर्षं झालेली, आणि जो काही एक बोर्ड होता त्याच्यापुढं पल्लवी लहानपणी तासन्‌तास उभी राहायची म्हणे.

फेब्रुवारीत परीक्षक आले तेव्हा नलिनी तिथं हजर होती. बाकीची मुलं वायर सोलताना आतली तार तोडत होती. पल्लवीनं ओठ मुडपून, मान खाली घालून पूर्ण बोर्ड जोडला, टेस्टर लावून तपासला आणि बाजूला झाली. प्लायवूडचा तो सरावाचा बोर्ड. लाल वायर, काळी वायर जिथल्या तिथं. हिरवी वायर मात्र कुठंच जात नव्हती. तिची नीट गुंडाळी करून, टेप लावून ती मागं खोचलेली होती. सगळ्यांनी तसंच केलं होतं, कारण शेखरनं लाकडी बोर्डावर तसंच दाखवलं होतं. "हिचं पुढं बघू," असं तो म्हणाला होता.

"छान," परीक्षक म्हणाले. "पुढं काय करणार?"

"आयटीआय," पल्लवी म्हणाली. आणि मग घाईघाईनं, "इलेक्ट्रिशियन."

धनगराच्या घरातली मुलगी, हातात टेस्टर. नलिनीनं तिचा फोटो काढला आणि तो पुण्याच्या कार्यालयात पाठवला. तिथून अंगठे आले, फुलं आली. निघताना ती पल्लवीला म्हणाली, "सुट्टीत घरी बसू नकोस. बारीकसारीक कामं घे. हात चालू राहिला पाहिजे."

पल्लवीनं ते मनावर घेतलं.

वाल्मीक शाळा समितीवर होता. नेऱ्याच्या शिवारात त्याची वडिलोपार्जित जमीन. निम्मी विकून झाली होती, उरलेल्यात त्यानं पत्र्याच्या खोल्या उठवल्या होत्या. हिंजवडीत कामाला येणारी माणसं भाड्यानं राहायची. मे महिन्यात त्यानं आणखी एक ओळ बांधली, आणि वायरिंगचं काम पल्लवीला दिलं. आपल्या गावची पोरगी, शाळेनं शिकवलेली, वर स्वस्त. तिनं ते आठवडाभरात केलं. सोबतीला कोंडाबाई जाऊन बसायची, शिडी धरायची.

नलिनी एका दुपारी तिथं मुद्दाम जाऊन आली. खोल्यांपुढं ओटा होता, वर लोखंडी खांबांवर पत्रा. कोपऱ्यातल्या खांबावर मेन स्विचची लोखंडी पेटी बसवलेली. पल्लवी शिडीवर होती, ओढणी कमरेला बांधलेली, केसांत सिमेंट.

"आपल्या शाळेचं नाव काढलं पोरीनं," वाल्मीक म्हणाला. "मी सगळ्यास्नी सांगतुया, वायरमन कशापायी पायजे?"

नलिनीनं पेटीजवळ उभं करून पल्लवीचा फोटो काढला. पेटीच्या आत काय आहे, हे बघावं असं तिच्या मनातही आलं नाही. आणि बघितलं असतं तरी तिला कळलं नसतं.

जून-जुलैत खोल्या भरल्या. कोपऱ्यातल्या खोलीत रोहित आणि सायली आले. रोहित उदगीरकडचा, एका कंपनीच्या माणसांची ने-आण करणारी गाडी चालवायचा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सायलीनं ओट्याच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत कपडे वाळत घालायला तार बांधली. तारेचं एक टोक पेटीच्या खांबाला होतं.

आषाढात सलग पाऊस लागला. पेटीच्या झाकणाखाली एक वायर दबली गेली होती. तिचं आवरण चिरलं, पाणी मुरलं, आणि पेटीत, खांबात, तारेत वीज उतरली. सकाळची वेळ होती. रोहित गाडीवर गेलेला. सायली ओल्या ओट्यावर अनवाणी उभी राहून ओला टॉवेल तारेवर टाकायला गेली. शेजारची बाई सांगत होती, ओरडलीसुद्धा नाही, नुसती तारेला धरून उभी राहिली. त्या बाईनं तिला ओढायला हात लावला तर तीच मागं फेकली गेली. कुणीतरी लाकडानं तार तोडली तोवर सायली गेली होती.

नलिनीला शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. ती तेव्हा पौडच्या एसटी स्टँडवर उभी होती. त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, वायरिंग पल्लवीनं केलेलं आहे. वाल्मीकनं पोलिसांना तसंच सांगितलंय. आणि म्हणतोय, शाळेच्या मॅडम स्वतः येऊन बघून गेल्या."

नलिनी समोरच्या बाकावर बसली. तिची गाडी आली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी तिला पुण्याला बोलावणं आलं. जिल्ह्याचं व्यवसाय शिक्षण कौस्तुभ सरांकडे होतं. माणूस वाईट नव्हता. शाळांना साहित्य मिळावं म्हणून मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणारा. त्यांनी दार लावून घेतलं आणि तिच्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला.

"अर्थिंग शिकवलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. मी शेवटी घ्यायला सांगितलं होतं. नंतर राहूनच गेलं."

"हे लेखी कुठं आहे?"

"कुठंच नाही. बैठकीत बोलले होते."

"मग बोललाच नाहीत असं समजा." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे बघा, नलिनी मॅडम. शाळेनं पोर्टलवर अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं भरलंय. पोलिसांनी विचारलं तर एवढंच सांगायचं. शाळेत शिकवलं होतं. बाहेर तिनं काय केलं, कसं केलं, ते शाळेच्या हातात नाही."

"मग सगळं तिच्यावर जाईल."

"ती सोळा वर्षांची आहे. बाल न्याय मंडळापुढं उभं करतील, समज देतील, सोडतील. तिला तुरुंग होणार नाही. पण शाळेत अर्धवट शिकवतात असं एकदा बाहेर आलं ना, तर हा विषयच बंद करतील. ज्यांना दुसरं काही मिळत नाही अशी पोरं आहेत ही. त्यांचं काय?"

ते खोटं नव्हतं. ती "बघते" म्हणून उठली.

परत येताना ती हिंजवडीला उतरली. शेखर आता एका गोदामात पार्सलं लावायचं काम करत होता. जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर चहाच्या टपरीवर आला. तिला पाहून हसला नाही.

"मला समजून घ्यायचंय," नलिनी म्हणाली. "ती अर्थिंगची हिरवी वायर जोडली असती तर काय झालं असतं?"

"पेटीत वीज उतरल्या उतरल्या फ्यूज उडाला असता. दिवे गेले असते. बाईनं घरमालकाला शिव्या घातल्या असत्या. बस, एवढंच झालं असतं." त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "पल्लवीनं ती वायर पेटीपर्यंत आणली होती, मॅडम. मी जाऊन बघितलं. व्यवस्थित गुंडाळून, टेप लावून मागं खोचलीये. मी वर्गात शिकवली तश्शी."

रस्त्यावरून कंपन्यांच्या बस चालल्या होत्या.

"पोलिसांपुढं हे सांगाल?" तिनं विचारलं.

"ऑगस्टमध्ये नवीन कंत्राट निघतंय. माझं नाव आहे त्यात." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मी तेव्हा म्हणालो होतो, तसं नसतं करायचं. आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग तुम्हीच सांगा."

पल्लवीच्या घरी जायला नलिनीला आणखी एक दिवस लागला. पाय निघत नव्हता. शेवटी ती गेली तेव्हा पावसाची भुरभुर चालू होती आणि मेंढरं घरामागच्या वाघुरीत, जाळीच्या कुंपणात, एकमेकांना चिकटून उभी होती. जोतिबाला पोलिसांनी दोनदा बोलावून नेलं होतं. तो दारात बसला होता. त्यानं तिला या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

कोंडाबाईनं पोतं अंथरलं. "बसा मॅडम," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "पोरगी जेवत न्हाई. झोपत न्हाई. म्हनती, आये, म्या मारली तिला. सांगा तुमी तिला कायतरी. तुमचं आयकंल."

"मी म्हनत हुतो, धाव्वीपतुर शिकली, बास झालं," जोतिबा दारातूनच बोलला. "हीच म्हनली, शिकू द्या. शाळंतल्या मॅडम लई चांगल्या हायेत."

पल्लवी आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. घरातला दिवा बंद होता. तिनंच मेन स्विच पाडून ठेवला होता, आणि कुणाला वर करू देत नव्हती. नलिनी तिच्याजवळ खाली बसली. काय बोलायचं ते ती ठरवून आली होती.

पण आधी पल्लवीच बोलली. "मॅडम, ती हिरवी वायर कुटं लावायची असती?"

"जमिनीत."

"जमिनीत?"

"खड्डा खणून पाइप पुरायचा असतो. त्याला जोडायची. म्हणजे वीज माणसाच्या अंगातून न जाता मातीत जाते."

पल्लवीनं खालच्या जमिनीकडं बघितलं. "एवडंच?"

"एवढंच."

"मग आमाला सांगितलं का न्हाई? म्या खणला आस्ता की खड्डा." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच नलिनीला सोसवेना. "वाल्मीकनानांनी न्हाई म्हनलं आस्तं तरी म्या खणला आस्ता. आमच्याकडं टिकाव हाय."

"माझ्यामुळं राहिलं ते," नलिनी म्हणाली. "सर शिकवणार होते. मी म्हटलं, नंतर."

कोंडाबाई चुलीपाशी उभी होती. तिनं हे ऐकलं. चहासाठी ठेवलेलं भांडं तिनं चुलीवरून उतरवलं आणि तशीच बाहेर निघून गेली.

नलिनी पौडच्या पोलीस ठाण्यात गेली तेव्हा बाहेरच्या बाकावर एक तरुण बसला होता. दाढी वाढलेली, अंगावर ड्रायव्हरचा पांढरा शर्ट. तपास करणाऱ्या फौजदारांनी तिला आत बसवलं. दार उघडंच होतं.

"शाळेचं म्हणणं आलंय आमच्याकडं," फौजदार म्हणाले. "सगळं शिकवलं होतं म्हणून. तुम्ही कशाला आलात?"

"ते खरं नाही म्हणून."

त्यांनी पेन उचललं. नलिनीनं सगळं सांगितलं. कंत्राट अडकलं, वेळ कमी पडला, परीक्षेत जे विचारतात तेवढंच आधी घ्यायला लावलं, उरलेलं राहिलं. पोर्टलवर अभ्यासक्रम पूर्ण असं भरायला आपणच सांगितलं होतं. मुलीनं शिकवलं तसं केलं. जे शिकवलंच नाही ते ती करणार कशी? प्रशिक्षकानं हरकत घेतली होती, ती आपणच ऐकली नाही. शेखरचं नाव तिनं एवढ्यासाठीच घेतलं.

"तुमच्या वरच्यांना माहिती आहे, तुम्ही इथं आलाय ते?"

"नाही."

फौजदारांनी लिहिता लिहिता वर बघितलं. "अशी अजून किती पोरं आहेत मॅडम? अर्थिंग न शिकलेली?"

पल्लवी सोडून दुसऱ्या कुणाचा विचार नलिनीच्या मनात तोपर्यंत आलाच नव्हता. आणि इलेक्ट्रिकचा विषय काही एकाच शाळेत नव्हता.

बाहेर आली तेव्हा बाकावरचा तरुण उभा राहिला. "मी रोहित," तो म्हणाला. "सायली माझी बायको."

नलिनीनं हात जोडले.

"मी ऐकलं सगळं आतलं. ती पोरगी आली होती आमच्या दारात. परवा. तिची आई होती बरोबर. मी तिला हाकललं, नको ते बोललो." त्यानं ठाण्याच्या उघड्या दाराकडं बघितलं. "म्हणजे तिला कुणी शिकवलंच नव्हतं?"

"नाही."

"मग तुम्ही सगळे काय करत होता तिथं?"

त्यानं ते भांडायला विचारलं नव्हतं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. थोड्या वेळानं तो पुन्हा बाकावर जाऊन बसला.

त्यानंतरचं सगळं रीतसर झालं. विद्युत निरीक्षकांनी येऊन पाहणी केली. परवाना नसलेल्या अल्पवयीन मुलीकडून काम करून घेतलं आणि अर्थिंगची सोयच केली नाही, म्हणून वाल्मीकवर गुन्हा लागला. त्याला अटक झाली आणि चार दिवसांत जामीन मिळाला. पल्लवीवर कारवाई झाली नाही. वाल्मीकनं खोल्यांचं वायरिंग नव्यानं करून घेतलं, आणि गणपतीच्या आधी कोपऱ्यातली खोलीही भाड्यानं गेली. रोहित उदगीरला गेला तो परत आला नाही.

नलिनीची नेमणूकही कंत्राटीच होती. ती पुढं वाढवली गेली नाही. कौस्तुभ सरांनी स्वतः फोन करून सांगितलं. "मी तुम्हाला सांगितलं होतं," एवढंच म्हणाले, आणि तेही दमलेल्या आवाजात. त्या शाळेतला इलेक्ट्रिकचा विषय बंद झाला. पुढच्या वर्षापासून तिथं दुकानातली विक्री शिकवायचं ठरलं. त्यात कुणाला झटका बसत नाही.

आयटीआयच्या प्रवेशाची शेवटची फेरी होती तेव्हा नलिनी पुन्हा माळावर गेली. पल्लवीला चांगले गुण होते, तिचा नंबर लागला असता. कोंडाबाईनं नलिनीला रस्त्यातच गाठलं.

"घराकडं येऊ नका मॅडम. आत्ताशी दोन घास खाया लागलीय."

"तिला तिथं नीट शिकवतील, कोंडाबाई. सगळं पहिल्यापासून."

"तुमचं बी मन वाईट न्हाई, मला कळतंय. पन तुमास्नी बघितलं की तिला त्ये आटवतं." कोंडाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "ती बापासंगं मेंढरामागं जाती आता. औंदा कोकनात जानार हाय म्हनती. जाऊ द्या तिला."

दूर उतारावर कळप चरत होता. त्याच्या मागं दोन माणसं दिसत होती, एक उंच, एक बुटकं. नलिनी तिथूनच परतली.

फौजदारांचा प्रश्न मात्र तिची पाठ सोडत नव्हता. ज्या शाळांत इलेक्ट्रिक शिकवलं होतं तिथल्या मुख्याध्यापकांना तिनं फोन केले. एक दिवस जुन्या मुलांना बोलवा, एवढाच धडा घेऊ. एक म्हणाले, पास होऊन गेलेली मुलं आमची नाहीत. दुसरे म्हणाले, वरून पत्र आणा. तिसऱ्यांनी फोन उचलला नाही. मग ती शेखरकडं गेली. त्यानं तिला उंबऱ्यात बराच वेळ उभं ठेवलं आणि शेवटी मोटारसायकलची किल्ली घेतली.

रविवारी दोघं गावोगाव जायचे. मारुंजी, नेरे, जांबे. घर शोधायचं, मुलाला बाहेर बोलवायचं, आणि शेखर त्याला मातीत रेघा मारून समजावून सांगायचा. बऱ्याच पोरांनी शाळा सुटल्यावर पक्कड हातातही धरली नव्हती. काहींनी मात्र धरली होती. एकानं चुलत्याच्या पोल्ट्रीत दिवे जोडले होते. चुलत्यानं फाटकातूनच विचारलं, "कुठल्या खात्याच्या तुमी?"

"कुठल्याच नाही," नलिनी म्हणाली.

"मग हितं काय काम हाय?" त्यानं फाटक लावून घेतलं.

ऑगस्ट संपता संपता शेखरचं कंत्राट निघालं. नवी शाळा लांब होती, भोरकडं. जायच्या आधी त्यानं तिला टेस्टर कसा धरायचा ते शिकवलं, पाच-सहा गोष्टी पाठ करायला लावल्या आणि म्हणाला, "तुम्ही कशाला हात लावू नका. संशय आला की मेन पाडा आणि लायसनवाल्याला बोलवा." त्यानंतर ती एकटीच जायला लागली, मिळेल त्या रिक्षानं.

जांब्याला एक घर राहिलं होतं. तिथली मुलगी वैभवी दहावीनंतर एका कंपनीत पॅकिंगला लागली होती. नलिनी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि वैभवी दुसऱ्या पाळीला गेलेली. आई साळूबाई पाण्याच्या मोटारीपाशी उभी राहून पिंप भरत होती. मोटारीचं बटण भिंतीवर एका पत्र्याच्या डबीत बसवलेलं होतं.

"वैभवीनंच जोडलंय," साळूबाई कौतुकानं म्हणाली. "लई हुशार हाय. फकस्त जरा झटका देतंय."

"झटका देतंय?"

"व्हय. पावसाळ्यात जास्त. आमी चप्पल घालून दाबतो की." तिनं पाय पुढं करून दाखवला. पायात प्लास्टिकची चप्पल होती, एका बाजूनं झिजलेली. मागं दोन लहान मुलं ओल्या फरशीवर खेळत होती, अनवाणी.

नलिनीनं विचारलं, "मेन कुठं आहे?"

"आत, दाराच्या मागं. का वं?"

नलिनी सरळ आत गेली आणि तिनं मेन स्विच खाली ओढला. घर अंधारात बुडालं. मोटार थांबली. मुलं ओरडली.

"आवं मॅडम, काय करताय?" साळूबाई चिडून आत आली. "पिंप निम्मं सुदिक भरलं न्हाई. सैपाक व्हायचाय माजा. चालू करा."

"नाही. आत्ता नाही."

"आवं, रोजचंच हाय त्ये आमचं!"

"नेऱ्याला एक बाई मेली, साळूबाई. अशीच. ती वायर जोडणारी पोरगी तुमच्या वैभवीच्याच वयाची."

साळूबाईनं अंधारात चाचपडत धाकट्याला जवळ ओढलं. नलिनीनं गावातल्या लायसनवाल्या वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, मारुंजीत आहे, तासाभरात येतो. त्यानं दोनदा विचारलं, एवढी काय घाई आहे.

"मी इथंच बसलेय," नलिनी म्हणाली. "तुम्ही या."

ती दारामागच्या भिंतीला पाठ लावून खाली बसली, मेन स्विचच्या बरोबर खाली. साळूबाईनं मेणबत्ती शोधून लावली आणि तिच्याकडं एकदाही न बघता भाजी चिरायला घेतली.